स्वकष्टार्जित शेड

"खोटं हाय," आबा म्हणाले.

म्हणाले म्हणजे ओरडलेच. जन्मभर मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलणं ठाऊक नसतं. रजिस्ट्रार कचेरीतल्या बाकांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. टेबलापलीकडच्या मॅडमनी उचललेला शिक्का परत खाली ठेवला आणि आबांच्या मृत्युपत्राचा कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"काय खोटं आहे, काका?"

आबांना अर्थातच ऐकू आलं नाही. ते आईकडे बघत होते, आई फरशीकडे बघत होती आणि माझं डोकं फिरलं होतं. त्या एका शिक्क्यासाठी मी पतसंस्थेत रजा टाकून टाकून साहेबांची बोलणी खाल्ली होती.

"मॅडम, ते दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलतायत," मी म्हणाले.

"मग विचारून सांगा."

आईनं मान वर केली आणि आवाज न काढता ओठ हलवले. आबांचं उत्तर मात्र सगळ्या कचेरीनं ऐकलं. "शेड माझ्या एकट्याच्या कष्टाची? कुणी लिवलं त्ये? खोटं हाय. मी ह्याच्यावर सही करणार न्हाई."

"मग मला हा दस्त नोंदवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या वगैरे नव्हत्या. "करून देणाराच मजकूर खोटा म्हणतोय. बाहेर बसा, ठरवा आणि या. पुढचं कोण आहे?"

आमचं घर इचलकरंजीतलं. पुढं मागांची शेड, मागं दोन खोल्या, मध्ये एक दार, ते कायम उघडं. शेड आबांनी उभी केली. माग चालायचा तर धोट्यात घालायला सुताच्या कांड्या भरून लागतात, आणि कांड्या भरायचं काम आईचं. कोपऱ्यातल्या कांडी यंत्राशी ती लग्न होऊन आली त्या साली बसली, ती मी नोकरीला लागेपर्यंत तिथंच होती. तिच्या उजव्या तर्जनीला सुतानं खाच पाडली होती. भाकरी थापताना ती खाच पिठानं भरायची, एवढी खोल.

माग चालू असताना शेडमध्ये कोण कुणाचं ऐकणार? तिथं माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. अंगठा छातीला लावला की मी. दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली की आपण दोघं. मूठ गरागरा फिरवली की काम. आणि दोन्ही तर्जन्यांची टोकं जुळवून झटकन लांब नेली की धागा तुटला. ही खूण दिसल्यावर जो जवळ असेल त्यानं हातातलं टाकून उठायचं आणि धागा जोडायला जायचं, माग कुणाचाही असो. मी चालायला लागायच्या आधी ह्या खुणा शिकले असं आई सांगते. आबांचे कान हळूहळू गेले तेव्हा आमच्या घरात फारसा फरक पडला नाही, कारण आई त्यांच्याशी शेडमधल्यासारखंच बोलत राहिली. माझे ओठ मात्र त्यांना वाचता येत नसत. मी फार भरभर बोलते, ही त्यांची कायमची तक्रार.

मृत्युपत्राचं निघालं ते सदाकाकामुळं. सदाकाका हा आबांचा धाकटा भाऊ. वेगळं बिऱ्हाड करून त्याला कितीतरी वर्षं झाली होती. आबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, आणि काकाला एकदम आठवण झाली की शेड वडिलोपार्जित आहे. म्हणे आजोबांचे हातमाग विकून उभी राहिली. आजोबांचे हातमाग वाळवी लागून सरपणात गेले, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण भावाला मुलगा नाही, एकच मुलगी, तीही लग्न होऊन जाणार, तेव्हा शेड वहिनीच्या हातात कशाला जाऊ द्या, असा त्याचा सरळ हिशेब. आबांचं काही बरंवाईट झालं असतं तर आई दुसऱ्या दिवशी दाराबाहेर आणि तिच्या हातात कोर्टाची तारीख, हे वकिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. "मृत्युपत्र करा आणि नोंदवून घ्या. मिळकत स्वकष्टार्जित आहे हे त्यात ठळक येऊ द्या. सगळी केस त्या एका शब्दावर उभी राहणार."

मला त्या शब्दाचं काय नवल? मी कर्ज विभागात होते. आमच्या अर्जावर छापलेलंच असायचं, मिळकत स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, लागू नसेल ते खोडा. दिवसभर मी ह्या दोन्हींतला एक शब्द खोडत असे आणि चहाला जात असे.

तो शुक्रवार होता. सोमवारी आबांना मिरजेच्या दवाखान्यात दाखल करायचं होतं. मध्ये दोन दिवस कचेरी बंद. साक्षीला आमचे घरचे डॉक्टर आणि माझ्या ऑफिसातले गवंडे आले होते, ते दोघंही घड्याळाकडे बघायला लागले होते. आम्ही सगळे बाहेर आलो. आवारात पत्र्याखाली दस्तलेखक बेडकिहाळे टाइपरायटर घेऊन बसायचे, त्यांच्यापाशी गेलो.

"काय झालं? झालं नाही?" बेडकिहाळे म्हणाले.

"आबांना तो शब्द मान्य नाही. स्वकष्टार्जित."

"मान्य नाही म्हणजे? वडिलोपार्जित आहे काय?"

"नाही हो. एकट्याच्या कष्टाची नाही म्हणतात. आईचेही कष्ट आहेत म्हणतात."

बेडकिहाळेंनी चष्मा काढला आणि आबांकडे बघितलं. आबा बाकावर ताठ बसले होते, टोपी मांडीवर.

"ताई, त्यांना समजावून सांगा. ह्या शब्दाचा घामाशी काही संबंध नाही. वाडवडिलांकडनं आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोण राबलं, किती राबलं, हे कोर्ट विचारत नाही."

मी आईकडे बघितलं. तिनं ते आबांना सांगितलं. कसं सांगितलं ते मला अजून आठवतं. म्हाताऱ्यासाठी ती कपाळावर आडवं बोट ओढायची, आजोबांच्या गंधाची खूण. तसं बोट ओढलं, मग पंजा हलवून नाही म्हटलं.

"मग तेवढंच लिवा की," आबा म्हणाले. "म्हाताऱ्याकडनं आली न्हाई म्हणून लिवा. माझी एकट्याची कशाला लिवायची?"

सगळं आवार हे ऐकत होतं. मला त्या क्षणी त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं, आणि त्यामुळं मी जास्तच वैतागले.

"तसं लिहून चालेल का?" मी विचारलं.

"छे. शब्द तो शब्द. समोरचा वकील पहिल्यांदा तोच शोधणार. नाही सापडला की म्हणणार, बघा, स्वकष्टार्जित म्हणायचं ह्यांच्याच तोंडात येत नव्हतं."

"मग तो शब्द राहू दे आणि खाली एक ओळ घाला. ह्या कामी माझ्या पत्नीचेही कष्ट आहेत."

बेडकिहाळे हसले. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. "ताई, तुमच्या शेडमध्ये कांड्या एकट्या आईच भरायच्या काय?"

उत्तर त्यांना माहीत असावं, गाव केवढंसं. काका वेगळा व्हायच्या आधी शालनकाकू, म्हणजे त्याची बायको, आईशेजारी दुसऱ्या यंत्रावर बसत असे. दोघी जावा एकदमच पहाटेच्या उठायच्या, एकदमच शेडमध्ये शिरायच्या. काकूनं पोट पुढं आलेलं असतानाही कांड्या भरल्या होत्या. सदाकाका त्या वेळी पत्ते खेळत असे, पण ते वेगळं.

"एकीचे हात कागदावर आले की दुसरीचेही आले," बेडकिहाळे म्हणाले. "मग ते म्हणणार, सगळं घर राबत होतं, सगळ्या घराची मिळकत, आमचा वाटा द्या. तुम्हीच वाट करून दिली असं होईल. मी तीस वर्षं हेच करतोय. बायकांचं काम मध्ये आणू नका."

"का आणू नको?" मी जवळजवळ भांडायलाच उठले. "काम केलंय तर का आणायचं नाही?"

"मी कुठं म्हणतो केलं नाही म्हणून? शेड आईंना मिळायला पाहिजे का त्यांचं नाव व्हायला पाहिजे, ते एकदा ठरवा. मला काय, मी दुसरा कागद टाइप करून देतो."

राग कुणावर काढावा तेच कळेना. बेडकिहाळे चुकीचं बोलत नव्हते, मॅडम चुकीचं वागल्या नव्हत्या आणि आबा तर खरंच बोलत होते. मग मी आईवर उखडले.

"तू तरी सांग की त्यांना. एका शब्दापायी सगळं घालवणार आहेत काय? सगळं तुलाच तर मिळायचंय."

"मला काय करायचंय शब्दाचं," आई म्हणाली. "लिवू देत काय लिवायचं त्ये. त्यांचंच नाव हाय सगळीकडं. रेशनकार्डावर हाय, लाइटबिलावर हाय. ह्यात असलं म्हणून काय माझं बोट तुटतंय?"

"मग त्यांना पटव."

"ऐकतोय का त्यो माणूस कुणाचं." आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "उज्ज्वला, त्या डाक्टरांस्नी च्या पाज जा. लई वेळ झाला त्यांना."

मी चहा सांगायला गेले. परत आले तेव्हा आई आबांच्या समोर उभी होती आणि दोघं बोलत होते, म्हणजे तिचे ओठ आणि हात हलत होते आणि आबा नुसते मान हलवत होते. नाही, नाही, नाही. मध्येच त्यांनी तिचा उजवा हात धरला, खाचेचं बोट वर करून बेडकिहाळेंना दाखवलं आणि म्हणाले, "ह्ये काय उगंच झालंय व्हय?" आईनं हात ओढून घेतला. ती लाजली होती. भर आवारात नवऱ्यानं हात धरला म्हणून की काय, मला माहीत नाही. बेडकिहाळेंनी टाइपरायटरवर कापड टाकलं.

कचेरी बंद व्हायच्या सुमारास शिपाई बाहेर आला. "वरुटे कोण? मॅडम म्हणतायत यायचं असलं तर आत्ता या."

आबा उठायला तयार नव्हते. आईनं त्यांना काहीतरी सांगितलं. माझ्याकडे तिची पाठ होती, मला दिसलं नाही. पण आबा उठले.

आत मॅडमनी तोच कागद समोर ठेवला. "मजकूर बदललाय का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग काकांना पुन्हा एकदा सांगा. बाई, तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुणाचं त्यांना कळत नाही म्हणता. खरं तर मिळकत तुम्हाला मिळतेय, तुम्ही सांगायला नको. पण इलाज नाही. जे लिहिलंय तेच सांगा. मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय."

मॅडम आबांच्या तोंडाकडे बघत होत्या. डॉक्टर आणि गवंडेही तिकडेच बघत होते. आईच्या हातांकडे बघणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

मॅडम एकेक वाक्य वाचत गेल्या आणि आई सांगत गेली. घर. शेड. माग. सगळं ठीक चाललं होतं. मग मॅडमनी वाचलं, "सदर मिळकत ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे."

तिनं मूठ फिरवली, काम. मग अंगठा छातीकडे जायला हवा होता, आबांच्या छातीकडे, तुमचं एकट्याचं. तो गेला नाही. तिनं दोन बोटं वर केली आणि चिकटवली. ओठ हलले. दोघांचं.

आबा तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता हे ओरडणार. मॅडम टेबलावर पुढं वाकल्या.

"हां," आबा म्हणाले. "आत्ता खरं बोललीस. आन कुठं करायची सही?"

मॅडम हसल्या, शिपाईही हसला. आबांनी सही केली, वळणदार, सावकाश, तिसरीत शिकलेली. खाली डॉक्टरांनी केली, गवंड्यांनी केली. शिक्का पडला. कागदावर एक अक्षर बदललेलं नव्हतं. आबा रिक्षात बसेपर्यंत सगळ्यांना नमस्कार करत होते, लग्नाहून निघाल्यासारखे.

घरी आल्यावर मी आईला भांड्यांपाशी गाठलं. "तू त्यांना खोटं सांगितलंस."

"मी खरंच सांगितलं," आई म्हणाली. "खोटं त्या कागदात हाय." आणि तिनं मला राख आणायला पाठवलं.

ऑपरेशन नीट झालं. आबा त्यानंतर चार वर्षं जगले, शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे. गेल्यावर महिन्याभरात सदाकाकानं दावा लावला, वकील म्हणाले होते तसाच. तो आम्ही जिंकलो, हे आत्ताच सांगून टाकते. शेड आजही आईच्या नावावर आहे. बेडकिहाळेंच्या त्या शब्दानं आपलं काम चोख केलं.

पण आईची साक्ष झाली तो दिवस राहिला सांगायचा.

आमच्या वकिलांनी तिला आदल्या दिवशी पढवलं होतं. कष्ट कुणाचे विचारलं तर त्यांचे एकट्याचे. कांड्यांचं विचारलं तर घरकाम सांभाळून कधीमधी बसायची. इतर कुणाचं विचारलं तर नाही. मी शेजारी बसून हे ऐकत होते. आई शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होती.

कोर्टात आम्ही डावीकडच्या बाकावर, ते उजवीकडच्या. सदाकाका, त्याचे दोन मुलगे आणि टोकाला शालनकाकू. तिला काकानं साक्षीला घातलंच नव्हतं. त्याची सगळी भिस्त आजोबांच्या हातमागांवर. बायको कांड्या भरायची, हे कोर्टात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला कधी सुचलंच नसणार. दावा लागल्यापासून काकू आणि आई एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. काकू म्हातारी झाली होती, आणि तिचं उजवं बोट मला बाकावरून दिसत होतं.

आई पिंजऱ्यात उभी राहिली. काकाच्या वकिलांनी विचारलं, "शेड कुणाच्या कष्टाची?"

"त्यांच्या एकट्याच्या."

"तुम्ही शेडमध्ये काम करत नव्हता?"

"घरचं बघून कधीमधी कांड्या भरायची."

"कधीमधी," वकील म्हणाले. काकाला न सुचलेलं त्यांना तिथंच सुचलं असावं. "आणि तुमच्या जाऊबाई शालन? त्या तुमच्याबरोबर कांड्या भरायच्या की नाही?"

आईनं उजवीकडच्या बाकाकडे बघितलं. न्यायाधीशांनी मान वर केली. आमचे वकील कागद चाळायचे थांबले. मी मनात म्हटलं, आई, नाही म्हण, पटकन म्हण आणि सुट. आणि त्याच वेळी मला इतकी चीड आली होती, की तिनं हो म्हटलं असतं आणि सगळी शेड गेली असती तरी मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. त्या शब्दानं आधी तिचे हात गिळले होते. आता तो तिच्याच तोंडून तिच्या जावेचे गिळायला बसला होता.

"बाई, उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"न्हाई," आई म्हणाली.

आवाज अगदी स्पष्ट होता, लेखनिकानं लगेच टिपून घेतलं. पण तिचा उजवा हात पिंजऱ्याच्या कठड्याखाली, बाकांच्या बाजूला होता. न्यायाधीशांना तो दिसणं शक्य नव्हतं, वकिलांना दिसला असता तरी कळला नसता. शालनकाकूकडे बघत तिनं त्या हाताची मूठ फिरवली आणि दोन बोटं चिकटवली. आपण दोघींनी.

शालनकाकू एकटक बघत होती. तिच्या बाकावर तिचा नवरा होता, मुलगे होते. नुसतं उठून उभी राहिली असती तरी आईचं खोटं उघडं पडायला तेवढं पुरे होतं. ती उठली नाही. तिनं मांडीवरचे हात जवळ आणले, दोन्ही तर्जन्यांची टोकं एकमेकांना लावली आणि झटकन लांब नेली. धागा तुटला.

आईची साक्ष संपली. ती पायऱ्या उतरून खाली आली. मी तिला जागा करून दिली, पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती माझ्याकडे आलीच नाही. सगळ्या कोर्टासमोरून आडवी चालत उजवीकडच्या बाकाशी गेली आणि शालनकाकूच्या शेजारी बसली. काकाचा थोरला मुलगा बावचळून सरकला. दोघी समोर बघत होत्या.

आमचे वकील माझ्याकडे वाकले. "आई चुकून तिकडं बसल्या काय?"

"नाही," मी म्हणाले. "चुकून नाही."